गाठीचं लाकूड आणि सकाळचा निखारा

परभणीहून जिंतूरकडे निघालं की वाटेत बोरी लागते. मे महिन्यात या भागातल्या कुठल्याही वस्तीत शिरा, घराच्या भिंतीला लागून सरपण लावलेलं दिसेल. फोडलेल्या बाभळीच्या सरळ फाट्या एका बाजूला नीट रचलेल्या असतात. दुसऱ्या बाजूला तुराट्यांच्या आणि पऱ्हाट्यांच्या पेंढ्या. आणि या दोन्हींच्या कडेला तिसरा एक ढीग असतो, तो रचलेला नसतो, नुसता टाकलेला असतो. बाभळीची बेचकी, मुळासकट निघालेला खुंट, गाठीगाठींचं खोड, कुऱ्हाडीखाली उडालेल्या ढलप्या, वीतभरही न भरणारे तुकडे, सगळं त्यात. त्या ढिगाकडे पावसाळा तोंडावर येईपर्यंत कुणी बघत नाही.

या ढिगात एक कोडं आहे. एकाच बाभळीचे सारख्याच वजनाचे दोन तुकडे घ्या. एक सरळ, एक गाठीचा. सरळ तुकडा दोन-चार घावांत उभा चिरतो. गाठीच्या तुकड्यात कुऱ्हाड अशी रुतते की ती सोडवण्यातच घाम निघतो. आता दोन्ही वाळवून चुलीत घाला. सरळ तुकडा भडभड जळून स्वयंपाक उरकेपर्यंत संपत आलेला असतो. गाठ मात्र रात्री राखेखाली झाकून ठेवली, तर पहाटे राख बाजूला सारल्यावर आत लाल निखारा सापडतो. झाड तेच, माती तीच, पाणी तेच. मग हे दोन तुकडे इतके वेगळे का वागतात?

धागे कुठून कुठे जातात

लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांचा जुडगा. मुळांनी ओढलेलं पाणी पानांपर्यंत नेणाऱ्या या बारीक नळ्या आणि त्यांच्यामधले जाड भिंतींचे धागे एकमेकांना चिकटून उभे असतात. तुराट्यांची करकचून बांधलेली पेंढी डोळ्यांसमोर आणा. ही पेंढी आडवी तोडायची तर प्रत्येक काडी तोडावी लागते. पण वरून मध्ये पहार घातली तर काड्या न तुटता दोन बाजूंना सरकतात. लाकूड फोडताना नेमकं हेच होतं. कुऱ्हाडीचं पातं धागे कापत नाही, पाचरीसारखं आत शिरून त्यांना एकमेकांपासून अलग करतं. एकदा चीर पडली की ती पात्याच्या पुढे पुढे धावते.

आता गाठ पाहू. गाठ म्हणजे खोडात गाडली गेलेली फांदी. फांदी खोडाच्या आतून, अगदी गाभ्यापासून निघते. खोड दरवर्षी जाड होत जातं आणि फांदीच्या बुडाभोवती लाकडाचा नवा थर चढवत जातं. त्यामुळे खोडाचे उभे धागे फांदीपाशी येऊन थबकतात, तिला वळसा घालतात आणि पुढे जातात, नदीचं पाणी खडकाला वळसा घालतं तसं. फांदीचे स्वतःचे धागे तर आडवेच असतात. वरून धावत आलेली चीर इथे अडते, कारण आता धागे अलग करून भागत नाही, ते तोडावे लागतात. शिवाय गाठीपाशी लाकूड जास्त दाट असतं. तेवढ्याच जागेत जास्त लाकूड भरलेलं असतं.

बेचकीची गोष्ट आणखी वेगळी. जिथे एका खोडाच्या दोन फांद्या होतात, तिथे मधल्या भागात दोन्हीकडचे धागे एकमेकांत गुंतत वाढतात. दोरीचे पीळ जसे एकमेकांना धरून ठेवतात तसे. इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठातले डंकन स्लेटर आणि रोलंड एनॉस यांनी हेझल नावाच्या झाडाच्या बेचक्या ओढून, फाडून पाहिल्या. 2013 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की दोन फांद्यांच्या अगदी मधल्या, वरच्या भागातलं हे गुंतलेलं लाकूडच बेचकीला बळ देतं. तेवढाच भाग काढला की ती बरीच कमजोर होते. वादळात फांदी फाटू नये म्हणून झाडाने केलेली ही तजवीज आहे. आपल्या कुऱ्हाडीला ती अडचण वाटते.

सुतार ज्याच्या शोधात असे

सरपणाच्या ढिगात जे वेडंवाकडं म्हणून बाजूला पडतं, तेच गावचा सुतार मुद्दाम शोधत फिरे, हे आज विसरायला झालं आहे. लाकडी नांगराच्या खोडाला बाक लागतो. सरळ ओंडका तासून तो बाक काढला तर धागे मध्येच कापले जातात आणि नांगर ढेकळात अडकला की नेमका तिथेच मोडतो. म्हणून सुतार अशी बाभूळ बघायचा, जिचं खोडच मुळात तसं वाकलेलं आहे. तिथे धागे बाकाबरोबर वळलेले असतात, तुटलेले नसतात.

मेढ हा शब्दही इथलाच. मेढ म्हणजे वरच्या टोकाला बेचकं असलेला खांब. त्या बेचक्यात आडवं लाकूड बसवायचं आणि वर छप्पर घालायचं. ना खिळा, ना सांधा. लग्नाच्या मांडवाचा पहिला खांब मुहूर्तावर पुरला जातो त्याला आपण मुहूर्तमेढ म्हणतो, आणि कुठल्याही मोठ्या कामाच्या आरंभालाही हाच शब्द वापरतो. म्हणून माझं सांगणं असं की तिसऱ्या ढिगाला हात घालण्याआधी एकदा बघून घ्यावं. कुऱ्हाडीचा दांडा, वेल चढवायला बेचकं, गोठ्यातली खुंटी असं काही त्यात निघत असेल, तर ते चुलीत घालू नये.

फोडायची कशी?

बाकीचं फोडावंच लागतं. इथे ताकदीपेक्षा नजर कामी येते. गाठीच्या तुकड्यावर मधोमध घाव घालायचा मोह होतो, आणि तिथेच कुऱ्हाड अडकते. त्याऐवजी कडेकडेने ढलप्या काढत आत जावं. कडेला धागे बऱ्याच अंशी सरळ असतात, तिथून पदर निघतात. शेवटी मध्ये गाठीचा मुठीएवढा गड्डा उरतो. तो फोडायच्या नादी लागू नये, त्याचं काम पुढे आहे.

टोकाकडे आधीच उन्हाने पडलेली बारीक भेग असेल तर पाचर तिथे लावावी. लाकूड स्वतःच सांगत असतं की मी इथून फुटेन. बाभूळ ओली असताना त्या मानाने लवकर फुटते. पूर्ण वाळून कडक झाली की तीच दगडासारखी होते. तेव्हा तोडल्यावर लगेच फोडावी आणि मग वाळवावी, उलट करू नये.

वेडावाकडा तुकडा ठोकळ्यावर उभा राहत नाही आणि घाव बसताच उडतो. पायाला होणाऱ्या बऱ्याच जखमा अशाच होतात. ठोकळ्यावर मोटारसायकलचा जुना टायर ठेवून तुकडा त्यात अडकवला की तो पडत नाही आणि ढलप्याही आवारभर उडत नाहीत. दुसऱ्या माणसाला तुकडा हाताने धरायला कधीही सांगू नये.

गाठ का वाळत नाही?

ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्यापर्यंत वजन पाण्याचं असू शकतं. हे पाणी आगीला आधी उकळून बाहेर काढावं लागतं. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण 600 किलोकॅलरी उष्णता लागते, आणि ती वाफ भांड्याला काहीही न देता निघून जाते.

हिशोब करून पाहू. पूर्ण कोरड्या बाभळीच्या एक किलो लाकडात सुमारे 4,800 किलोकॅलरी उष्णता असते. चांगलं वाळलेलं लाकूडही पूर्ण कोरडं नसतं, त्यात 15 टक्क्यांच्या आसपास पाणी राहतंच. अशा एक किलोतून सुमारे 4,000 किलोकॅलरी हाती लागतात. निम्मं पाणी असलेल्या ओल्या लाकडाच्या एक किलोतून जेमतेम 2,100. वजन तेवढंच, ऊब निम्मी. शिवाय वाफेमुळे आग थंड राहते, लाकडातून निघालेला वायू नीट पेटत नाही आणि त्याचा धूर होतो. डोळे चुरचुरतात ते त्या न जळलेल्या वायूने.

आता गाठ. लाकडातलं पाणी नळ्यांच्या उघड्या टोकांतून लवकर बाहेर पडतं. धाग्यांच्या आडव्या दिशेने, म्हणजे बाजूंनी, ते दहा पटींनी तरी हळू निघतं. आणि साल तर पाणी आत ठेवण्यासाठीच असते. सरळ फाटी फोडली की तिच्या बाजू उघड्या पडतात, दोन्ही टोकं उघडी असतात. गाठीचा तुकडा मात्र जाड असतो, न फोडलेला असतो, अर्ध्या अंगाला साल असते आणि आतले धागे वळणावळणाचे. म्हणजे ज्या तुकड्याला वाळायला सगळ्यांत जास्त वेळ हवा, तोच आपण आषाढात सरळ लाकडं संपली म्हणून ओलाच चुलीत घालतो आणि मग म्हणतो, गाठीचं लाकूड धुरकट असतं. तो दोष गाठीचा नाही, तिला दिलेल्या अपुऱ्या उन्हाचा आहे.

परभणीचा उन्हाळा या कामाला फार सोयीचा. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि हवा कोरडी. फोडलेली फाटी या उन्हात दोन-तीन महिन्यांत वाळते. जाड गाठीला मात्र एक पावसाळा आडोशाला काढून पुढचा उन्हाळाही द्यावा.

तुकडा वाळला की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. दोन तुकडे एकमेकांवर आपटा. ओलं लाकूड भद्द वाजतं, वाळलेलं खणखणतं. टोकांना ताऱ्यासारख्या भेगा दिसतात, साल नखाने सुटते. त्याहून खात्री हवी असेल तर एक गाठ दर पंधरवड्याला तराजूत घाला. वजन उतरायचं थांबलं की ती तयार झाली.

ढीग मातीवर टेकवू नये, खाली दगड किंवा विटा द्याव्यात. नाहीतर वाळवी खालून चढते आणि ओलही. वेड्यावाकड्या तुकड्यांची रास आपोआप पोकळ होते, त्यातून वारा खेळतो, हे वाळण्याच्या दृष्टीने चांगलंच. पण त्याच पोकळीत विंचूही राहतो. काठीने हलवल्याशिवाय तिसऱ्या ढिगात हात घालू नये, आणि अंधारात तर नाहीच.

जळतं ते नक्की काय?

चुलीत आपल्याला ज्वाळा दिसतात, पण ती ज्वाळा लाकडाची नसते. साधारण 200 अंशांच्या पुढे लाकूड तापलं की त्यातून वायू सुटू लागतो. तो हवेत मिसळून पेटतो, तीच ज्वाळा. वायू निघून गेला की मागे कोळसा उरतो, आणि तो ज्वाळेशिवाय, नुसता लाल होऊन, पृष्ठभागावरून हळूहळू जळतो. म्हणजे एका लाकडात दोन आगी असतात. आधी ज्वाळेची, मग निखाऱ्याची. भाकरी तव्यावर टाकायला पहिली लागते, आरावर शेकायला दुसरी.

कुठली आग किती वेळ चालेल हे तुकड्याच्या आकारावर ठरतं. दहा सेंटिमीटर बाजूचा लाकडाचा चौकोनी ठोकळा घ्या. त्याचा एकूण पृष्ठभाग 600 चौरस सेंटिमीटर. तोच कापून पाच सेंटिमीटरचे आठ ठोकळे करा. लाकूड तेवढंच, पण पृष्ठभाग झाला 1,200. उष्णता पृष्ठभागातूनच आत शिरते आणि हवा पृष्ठभागालाच भिडते. म्हणून ढलपी काडीसरशी पेटते आणि गाठ पेटता पेटत नाही. पेटली की मात्र दाट लाकडाचा मोठा गोळा, पृष्ठभाग थोडा, त्यामुळे ती तासन्‌तास टिकते. वरून राख लोटली की हवा आणखी कमी पोहोचते आणि ऊबही बाहेर निसटत नाही. सकाळचा निखारा असा शिल्लक राहतो. सुरुवातीच्या कोड्याचं अर्धं उत्तर धाग्यांत होतं, अर्धं इथे आहे.

जाड लाकूड एकटंच चुलीत ठेवलं की विझतं, हा अनुभव सगळ्यांचा आहे. कारण त्याची निम्मी उष्णता उघड्यावर जाते. दोन लाकडं समोरासमोर, मध्ये बोटभर फट ठेवून लावली की एकाची धग दुसऱ्याला मिळते आणि दुसऱ्याची पहिल्याला. गाठीला नेहमी अशी सोबत द्यावी.

ढलप्यांचं उलट. पेटवायला त्यांच्यासारखं काही नाही, पण ओंजळभर एकदम टाकल्या की वायू इतका भराभर सुटतो की त्याला पुरेल एवढी हवा चुलीच्या तोंडातून आत येऊ शकत नाही. मग भडका आणि काळा धूर. चिमूट-चिमूट घालाव्यात.

| चौकट: कुठला तुकडा कुठे |
|---|
| ढलप्या, काटक्या: पेटवण्यासाठी, थोड्या थोड्या. कोरड्या डब्यात ठेवाव्यात. |
| वीतभर तुकडे: बंबात किंवा छोट्या शेगडीत. |
| बेचकी, वाकडी फांदी: आधी घरकामाला येते का पाहावं. नाहीतर कडेने फोडून वर्षभर वाळवावी. |
| गाठ, खुंटाचा गड्डा: फोडू नये. पूर्ण वाळल्यावर, पेटत्या चुलीत मागच्या बाजूला. |
| भुसा: भुशाच्या शेगडीत ठासून. |
| रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, कण्हेर: चुलीत कधीच नाही. धूर विषारी असतो. |

बंब आणि भुशाची शेगडी

उरल्यासुरल्या तुकड्यांसाठीच जणू बनवलेली एक वस्तू अजून पुष्कळ घरांत आहे, ती म्हणजे तांब्याचा बंब. त्याची रचना फार हुशारीची आहे. मध्ये एक उभी नळी, तिच्याभोवती पाणी, खाली जाळी आणि राखेला वाट. सरपण वरून नळीत टाकायचं. नळीतली हवा तापून वर जाते, तिची जागा घ्यायला खालून ताजी हवा जाळीतून आत ओढली जाते, म्हणून फुंकायला लागत नाही. आग पाण्याने वेढलेली असल्यामुळे तिची धग चहूबाजूंनी पाण्यालाच मिळते. चुलीवर लांब फाटी लागते, ती पुढे सारत राहावी लागते. बंबाला ती चालतच नाही. वीतभर तुकडे, करवंट्या, दाणे काढलेली मक्याची कणसं असं जे चुलीला नको, ते बंब आनंदाने घेतो.

दुसरी भुशाची शेगडी. लाकूड कापण्याच्या गिरणीजवळच्या वस्त्यांत ती एकेकाळी घरोघर असे. पत्र्याच्या डब्याला खाली बाजूने भोक पाडायचं, मध्ये बाटली उभी धरायची, भोकातून आडवी काठी बाटलीपर्यंत आणायची आणि चारी बाजूंनी भुसा ठासून भरायचा. मग बाटली आणि काठी अलगद काढून घ्यायची. आत हवेची वाट तयार होते, आणि भुसा त्या वाटेच्या भिंतीवरून थर-थर करत जळतो. मोकळा भुसा नुसता धुमसला असता. ठासल्यामुळे त्याचा उघडा पृष्ठभाग मोजका राहतो आणि आग ताब्यात राहते.

हाच विचार पुढे नेणारं काम पुण्यात झालं. डॉ. आनंद कर्वे यांनी 1996 मध्ये स्थापन केलेल्या ‘आरती’ या संस्थेने शेतात पडून राहणाऱ्या उसाच्या पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या बनवण्याची रीत बसवली. 2002 मध्ये तिला इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्यांच्या ‘सराई’ कुकरमध्ये शंभरेक ग्रॅम कांडीकोळशावर पाच माणसांचा स्वयंपाक वाफेवर होतो. साध्या उघड्या चुलीत लाकडातल्या उष्णतेपैकी दहा-पंधरा टक्केच भांड्याला मिळते, हे लक्षात घेतलं की या शंभर ग्रॅमचं मोल कळतं.

पऱ्हाट्यांची मुदत

कापसाच्या पट्ट्यात सरपणाचा आणखी एक उरलेला भाग असतो, आणि तो बाभळीच्या गाठीसारखा वर्षभर ठेवण्याजोगा नाही. वेचणी संपल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्यांना न उमललेली, वाळलेली बोंडं तशीच लटकत असतात. गुलाबी बोंडअळी या बोंडांत सुप्तावस्थेत बसून राहते. पाऊस पडला, हवा मानवली की तिचे पतंग बाहेर येतात आणि नव्या कापसावर अंडी घालतात. 2017 च्या हंगामात महाराष्ट्रातल्या कापसाचं या अळीने केवढं नुकसान केलं ते मराठवाड्यातला शेतकरी विसरलेला नाही. बांधावर रचून ठेवलेली पऱ्हाट्यांची गंजी ही त्या अळीची उन्हाळी वस्ती होते.

म्हणून पऱ्हाट्या सरपणाला ठेवायच्या असतील तर बोंडं झोडून काढावीत आणि नष्ट करावीत, गंजी शेतापासून दूर लावावी, आणि ती आधी जाळून संपवावी. बाभळीला हात नंतर. जास्तीच्या असतील तर श्रेडरने बारीक करून कुजवाव्यात. तुराट्यांना ही घाई नाही, त्या छपराखाली ठेवल्या तर पावसाळाभर पेटवणीला पुरतात. अलीकडे कापसाची जागा सोयाबीनने बरीच घेतली आहे आणि सोयाबीनचं जे मागे उरतं ते भुसकट, सरपण नव्हे. त्यामुळे ज्या घरात पूर्वी पऱ्हाट्यांवर निम्मं वर्ष निघायचं तिथे आता नाल्याकाठच्या वेड्या बाभळीवर भार आला आहे. तिचं लाकूड दाट, तापणारं, पण सरळ फाटी तिच्यात क्वचितच मिळते. म्हणजे तिसरा ढीग येत्या काळात वाढणारच आहे.

उरलेल्याचंही उरलेलं

स्वयंपाक झाल्यावर निखारे तसेच विझू देणं म्हणजे चांगला कोळसा राखेत घालवणं. ते चिमट्याने काढून पाण्यात बुडवावेत, वाळवावेत, शेगडीला वापरावेत. मात्र धुमसता निखारा बंद खोलीत उबेसाठी कधीही ठेवू नये. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतच माणूस दगावतो.

राखेबद्दल एक प्रचलित समजूत दुरुस्त करावीशी वाटते. राख शेताला चांगली, असं सरसकट सांगितलं जातं. आम्लधर्मी जमिनीला ती चांगलीच. पण परभणी भागातली काळी जमीन मुळातच चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी आहे, आणि राखही अल्कधर्मी. पाट्याच्या पाट्या राख तिथे ओतून उपयोग नाही. भांडी घासायला, कडधान्यांच्या बियाण्यात मिसळून किडीपासून राखायला ती अधिक कामाची.

गॅस घरोघर पोहोचला तरी सिलिंडर पुरवून वापरण्यासाठी अंघोळीचं पाणी आणि भाकरी सरपणावरच ठेवणारी घरं पुष्कळ आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या अशा धुराने 2020 या एका वर्षात जगात सुमारे 32 लाख माणसं वेळेआधी गेली. त्यात चुलीपाशी बसणाऱ्या बायका आणि त्यांच्या मांडीवरची मुलं किती असतील, हे वेगळं सांगायला नको. वाळलेलं लाकूड आणि उघडं दार, या दोन गोष्टींना पैसे पडत नाहीत.

यंदा सरपण लावाल तेव्हा तिसऱ्या ढिगातल्या गाठी वेगळ्या काढा, कापलेल्या टोकावर कोळशाने साल लिहा, विटांवर छपराखाली ठेवा, आणि पुढचा मे सरेपर्यंत त्यांना हात लावू नका.